एकाहत्तरावी फेरी

गुरुवारी सकाळी सात वाजता डॉटीच्या खानावळीत खिडकीपाशी जी म्हातारी मंडळी जमतात, त्यांच्या टेबलावर कुणालाही बसता येत नाही. एक तर तुम्ही कधीकाळी उघड्या चाकांच्या शर्यतीच्या गाडीत बसलेले असायला हवं, नाहीतर तिच्याखाली झोपून हात तरी काळे केलेले हवेत. एकदा बँकेतला एक साहेब कौतुकाने खुर्ची ओढून बसला, तर मर्लने त्याला विचारलं, "तू काय चालवायचास रे, तिजोरी?" बिचारा कॉफी अर्धी टाकून गेला. पूर्वी त्या टेबलाला चौदा खुर्च्या लागायच्या. आता चार पुरतात.

त्यातली एक आर्लीन फाउट्सची. आर्लीन कधी गाडीत बसली नाही की गाडीखाली झोपली नाही. तिने फेऱ्या मोजल्या. हे काम काय होतं ते आताच्या पोरांना सांगून कळत नाही. आता गाडीच्या पोटात चिप असते, ट्रॅकखाली तार असते, आणि गाडी रेषेवरून जाते न जाते तोच सगळ्या जगाला तिचा आकडा कळतो. त्या काळी प्रत्येक गाडीसाठी एक जिवंत माणूस बसवायचे. रेषेसमोर लाकडी मचाण, मांडीवर फळी, फळीवर शंभर चौकोन छापलेला कागद आणि समोर भलंमोठं घड्याळ. आपली गाडी गेली की घड्याळ बघायचं आणि पुढच्या चौकोनात वेळ लिहायची. असं शंभर वेळा. मध्ये शिंकायचं नाही, घाम पुसायचा नाही. शर्यत कोण जिंकलं हे पंच त्या कागदांवरून ठरवायचे, डोळ्यांनी बघून नाही. मातीच्या ट्रॅकवर, त्या धुळीत, डोळ्यांना दिसणार काय कप्पाळ!

आर्लीनने अकरा वर्षं कागद धरला. तिचा एकही चौकोन कधी चुकला नाही, असं सगळे सांगतात. ती सोडून सगळे.

मे महिना होता, मोठ्या शर्यतीचा. गल्लीत घराघरावर काळे-पांढरे चौकड्यांचे झेंडे लागले होते, आणि मोठ्या ट्रॅककडून सरावाच्या गाड्यांचा आवाज यायला अजून बराच अवकाश होता. लाइल ट्रॉक्सेल जरा उशिराच आला. चौऱ्याऐंशीचा झालाय. नाकात नळी, आणि मागे दोन चाकांवर ओढत आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर. दारातून आत येताच मर्ल ओरडला, "आले बघा शंभर नंबरी! आणि गाडी बघा, अजून उघड्या चाकांचीच!"

"वेग तुझ्यापेक्षा जास्त आहे तिचा," लाइल धापा टाकत बसला.

मर्ल म्हणजे जुना टायरवाला. देवाने जीभ देताना त्याच्या बाबतीत मापात काहीतरी गडबड केलेली. तो वेट्रेसला म्हणाला, "अगं पोरी, याला दोन अंडी दे. पण समोर मोजून दे हो, नाहीतर तीन खाल्ली म्हणून बायबलवर हात ठेवून शपथ घेईल."

सगळे हसले. लाइल हसला. आर्लीनही हसली. चोपन्न वर्षं ती या थट्टेला हसत आली होती, त्यामुळे तोंड आपोआप हसायचं, आत काय चाललंय ते कुणाला कळायचं नाही.

झालं होतं ते असं. एकोणीसशे पासष्ट सालचा ऑगस्ट. टिल्बरीच्या जत्रेच्या मैदानावर एक मैलाचा मातीचा ट्रॅक, शंभर फेऱ्यांची शर्यत. लाइल तेव्हा तिशीतला, हात असा की ओल्या मातीवरही गाडी लोण्यासारखी वळवायचा. त्याच्या गाडीचा मुख्य मेकॅनिक आर्लीनचा नवरा, हर्शेल. त्या दिवशी टेक्सासचा एक तेलवाला मालक मुद्दाम आला होता. पुढच्या मे महिन्यातल्या पाचशे मैलांच्या मोठ्या शर्यतीसाठी त्याने नवी कोरी गाडी बांधायला टाकली होती, आणि चारचौघांत सांगितलं होतं, "आज इथे जो जिंकेल, तो माझ्या गाडीत बसेल." लाइलने लहानपणापासून दुसरं काही मागितलंच नव्हतं. एकदा, फक्त एकदा, मे महिन्याच्या अखेरीस त्या शर्यतीच्या तेहतीस गाड्यांत आपलीही गाडी उभी असावी, एवढंच.

शर्यत संपली तेव्हा लाइलने प्रतिस्पर्धी बड पकेटच्या कितीतरी आधी रेष ओलांडली होती. पण झेंडा हलला तो बडसाठी. कागदावर लाइलच्या नव्व्याण्णवच फेऱ्या भरल्या होत्या. एक फेरी कमी, म्हणून पाचवा.

हरकत घ्यायला अर्धा तास मिळायचा. लाइल तसाच, तोंडावर मातीचा थर आणि चष्म्यापुरती पांढरी वर्तुळं, मचाणाच्या शिड्या चढून आला. ओरडला नाही की काही नाही. म्हणाला, "आर्लीन, मी शंभर मोजल्या. तुझी एखादी सुटली का गं?"

आणि आर्लीन म्हणाली, "नाही. एकही नाही."

लाइलने तिच्या मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुझ्या कागदात नव्व्याण्णव, तर नव्व्याण्णव. माझंच मोजायचं चुकलं." खाली जाऊन त्याने हरकतीचा अर्ज मागे घेतला. तेलवाल्याच्या गाडीत बड बसला. लाइलला पुन्हा तशी गाडी कुणी दिली नाही. ज्याला स्वतःच्या फेऱ्या मोजता येत नाहीत त्याच्या हातात लाखाची गाडी कोण देणार? चार वर्षांनी त्याने वेल्डिंगचं दुकान टाकलं आणि जन्मभर लोकांचे सायलेन्सर जोडले. "शंभर नंबरी" हे नाव मात्र तिथून जे चिकटलं ते चिकटलंच.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण कर्टिस. टेबलावरची चौथी खुर्ची त्याची, आणि तीही सवलतीत. विमा कंपनीत नोकरी करणारा हा पन्नाशीचा गृहस्थ जुन्या शर्यतवाल्यांच्या मंडळाचा सचिव. त्या सोन्याच्या दिवसांचं त्याला भारी वेड. त्याचा जन्म सत्तर सालचा, पण चौसष्टच्या शर्यतीत कुणाचं कुठलं टायर कितव्या फेरीला बसलं, विचारा, घडाघडा सांगेल. टिल्बरीचा ट्रॅक या उन्हाळ्यात पाडणार होते, तिथे गोदामं होणार होती. म्हणून मंडळाने गावच्या चौकात काळा दगड बसवायचं ठरवलं होतं, टिल्बरीच्या सगळ्या विजेत्यांची नावं कोरून. यादी सोमवारी कोरणाऱ्याकडे जायची होती.

"वाचतो हं," कर्टिस म्हणाला. "काही चुकत असेल तर आत्ताच बोला. दगडावर खोडरबर चालत नाही."

तो एकेक नाव वाचायला लागला आणि प्रत्येक नावाबरोबर टेबल तरुण होत गेलं. याला किती राग यायचा, तो किती घाबरट होता, तिसऱ्याने बायकोच्या मावशीची गाडी विकून इंजिन कसं आणलं होतं. मर्ल म्हणाला, "तेव्हा गाडीला वास असायचा रे. आताच्या गाड्यांना दवाखान्याचा वास येतो."

"आताची पोरं शर्यतीआधी आईला मिठी मारतात," कर्टिस म्हणाला.

"आम्हीही मारली असती. पण आई घरात घेत नव्हती."

लाइल हसता हसता खोकला. म्हणाला, "शनिवारी एका गावी, रविवारी दुसऱ्या. मध्ये चारशे मैल रात्रभर गाडी ओढत न्यायची. हर्शेल गाणी म्हणायचा, झोप येऊ नये म्हणून. इतकं भयाण गायचा की झोप यायची शक्यताच नसायची. आठवतं, आर्लीन?"

आठवत कसं नव्हतं! तिला त्या दिवसांचा तिटकारा असता तर एक वेळ सोपं गेलं असतं. पण तिलाही ते दिवस हवेच होते. दर मे महिन्यात, पहिल्या इंजिनाचा आवाज कानी आला की अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई अजून हातातलं काम टाकून अंगणात जाऊन उभी राहायची. दर वर्षी दोन-तीन माणसं शर्यतीत जिवानिशी जायची, अंत्यविधीचा काळा झगा तिच्या सूटकेसमध्ये कायम घडी घालून असायचा, तरी ते दिवस पुन्हा मिळाले तर तिने डोळे झाकून घेतले असते. फक्त एक चौकोन वगळून.

"एकोणीसशे पासष्ट," कर्टिसने वाचलं. "बड पकेट."

"त्याच्यापुढे कंसात लिही," मर्ल म्हणाला, "लाइलच्या मते लाइल."

आर्लीनने कप खाली ठेवला. चोपन्न वर्षांत एक वाक्य तिने स्वयंपाकघरात, चर्चमध्ये, हर्शेलच्या थडग्यापाशी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही. डॉक्टरांनी लाइलला पानगळीपर्यंतची मुदत दिली होती आणि दगड सोमवारी कोरायला जाणार होता. आता नाही तर कधी?

"ते नाव चूक आहे," ती म्हणाली. "टिल्बरी लाइलने जिंकली. एक फेरी माझ्याकडून सुटली. एकाहत्तरावी."

कर्टिसने यादी खाली ठेवली.

"त्या फेरीला मोठा अपघात झाला," आर्लीन भराभर सांगू लागली, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती. "एक गाडी कठड्यावर चढली, तिचं चाक सुटलं आणि मेकॅनिक उभे असतात त्या पिटमध्ये घुसलं. धुळीचा डोंगर उठला. त्याच वेळी लाइल आतल्या गवतावरून वळसा घालून रेषेवरून गेला असणार. मी बघितलं नाही. माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी हा मचाणावर आला आणि मला विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं. आलं होतं, तरी मी नाही म्हटलं. मी खोटं बोलले, लाइल."

पहिला बोलला मर्ल. त्याचा आवाज चक्क ओला होता. "आर्लीन, तू देवमाणूस आहेस गं."

"अरे, मी खोटं बोलले म्हणतेय!"

"हो हो, कळलं आम्हाला." मर्लने तिच्या हातावर थोपटलं. "याचे दिवस भरत आलेत, म्हणून याला जाता जाता एक शर्यत देतेस. मी मरताना माझ्यासाठीही काहीतरी बोल हं. मला पाचशे मैल दे. एकदम मोठंच दे."

"मर्ल, तोंड सांभाळ! मी चेष्टा करत नाहीये."

कर्टिसने तोवर पिशवीतून फाइल काढली होती. त्याच्याकडे सगळं असतं. फाइलमधून त्याने एका पिवळ्या कागदाची प्रत काढली आणि टेबलावर आर्लीनच्या पुढ्यात ठेवली. तिचंच अक्षर. ओळीने मोत्यासारखे आकडे, कुठे खाडाखोड नाही, कुठे रेघ वाकडी नाही.

"अहो मिसेस फाउट्स," कर्टिस प्रेमाने म्हणाला, "हा बघा तुमचा कागद. सत्तर आणि एकाहत्तरमध्ये वेळ जास्त आहे, कबूल. पण पिवळा झेंडा होता, सगळ्याच गाड्या हळू झालेल्या. सगळ्यांच्याच कागदात तिथे मोठी फट आहे. यात चूक कुठे दिसते?"

"कागदात दिसणार नाही. म्हणून तर सांगतेय."

"आम्ही नव्या माणसांना फेऱ्या कशा मोजायच्या हे दाखवायला हाच कागद वापरतो. तुमच्याकडून चूक झाली असं मी म्हटलं तर लोक मला वेड्यात काढतील. आणि तसंही..." तो जरा चाचरला. "हरकत अर्ध्या तासात घ्यायची असते. नियमच आहे."

"चोपन्न वर्षं उशीर झाला म्हणजे," मर्ल म्हणाला आणि स्वतःच हसला.

आर्लीनने लाइलकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, तो रडेल, ओरडेल, कॉफी अंगावर टाकेल. काहीही चाललं असतं. पण लाइलचा चेहरा कडक झाला होता.

"भीक नको घालूस मला," तो म्हणाला.

"लाइल, ही भीक नाही..."

"भीकच आहे. माझी फुप्फुसं गेलीत, अक्कल नाही गेली. आयुष्यभर मला सगळ्यांनी हसून घेतलं, मी हसू दिलं. का? कारण तुझा कागद होता. मनाला सांगायचो, बाबा रे, जगात एक गोष्ट सरळ आहे, आर्लीनचा कागद. त्यात जे आहे ते खरं. आता म्हातारपणी तू तोही काढून घेतेस, आणि वर दया दाखवतेस?" तो खोकायला लागला तो थांबेचना. वेट्रेस पाणी घेऊन धावली. कर्टिसने घाईघाईने फाइल बंद केली.

म्हणजे बघा कसं असतं. खोटं बोलली तेव्हा एका शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. खरं बोलायला गेली तर कुणी ऐकून घ्यायलाही तयार नाही. इतकी वर्षं जे नाव तिने जपलं, त्याच नावाने तिचं तोंड दाबलं होतं. आता जगात असं एकही दार नव्हतं जे ठोठावून ती सांगू शकेल. हर्शेल गेला. बड गेला. पंच गेले. तेलवाला गेला. उरला होता तो लाइल, आणि त्याला ते नको होतं.

बिल देऊन लाइल उठला तेव्हा आर्लीनही उठली. त्याची गाडी मागच्या बाजूला लावलेली होती. सिलिंडरचं एक चाक उंबऱ्याला अडकलं, तिने वाकून सोडवलं. दोघं उन्हात चालत निघाले. गाडीपाशी आल्यावर ती म्हणाली, "मी कशाकडे बघत होते ते विचारलंच नाहीस."

"नको सांगूस."

"हर्शेलला शोधत होते. चाक पिटमध्ये पडलं, तिथेच तो उभा असायचा. तुला आठवतं ना, मी त्याला लाल टोपी घेऊन दिली होती, धुळीतही मला वरून दिसावी म्हणून? दर शर्यतीत मला ती दिसायची. त्या दिवशी दिसेना. मी टोपी शोधत राहिले, लाइल. धूळ खाली बसली तरी टोपी नाही. मला वाटलं, संपलं. मग एकदम दिसला, उघड्या डोक्याने उभा. टोपी नव्हतीच डोक्यावर. म्हणून इतका वेळ लागला. मग मी कागदाकडे बघितलं, आणि तोवर..." तिने हाताने डोळे पुसले.

मग ती म्हणाली, "आणि हे मी तुला मचाणावर कशी सांगणार होते? पिटमध्ये हिरवा रंग नको, शेंगदाणे नकोत आणि बाई नको, अपशकुन होतो, असं म्हणायचे तुम्ही लोक. बायका म्हणे शर्यत बघत नाहीत, नवरा बघतात. हर्शेलने दहा जणांशी भांडून मला ती जागा मिळवून दिली होती. मी 'नवऱ्याकडे बघत होते' म्हटलं असतं, तर मचाणावरच्या सगळ्याच बायकांना खाली उतरवलं असतं. आणि हर्शेलला काय सांगणार होते, तुला शोधता शोधता तुझ्याच गाडीचं वाटोळं केलं म्हणून? अर्धा तास होता हातात. मला वाटलं, जरा धीर गोळा होऊ दे. तो गोळा होईपर्यंत तू अर्ज मागे घेतलास."

लाइल गाडीच्या दाराला धरून उभा होता. त्याने सिलिंडर स्वतःकडे ओढून घेतला. मग विचारलं, "उघड्या डोक्याने होता?"

"हो. का नव्हती टोपी, मला कधीच कळलं नाही. विचारायचीही भीती वाटायची."

"टोपी माझ्याकडे होती," लाइल म्हणाला. "सीटचा पत्रा कमरेत टोचत होता. निघायच्या आधी हर्शेलला म्हटलं, काहीतरी दे रे मागे कोंबायला. त्याने डोक्यावरची टोपी काढून दिली. शर्यतभर ती माझ्या पाठीशी होती."

आर्लीनने तोंडावर हात ठेवला. ती जिच्यासाठी पिटमध्ये डोळे फाडून बघत होती ती टोपी तेव्हा ट्रॅकवरून फिरत होती, आणि तिच्या डोळ्यांसमोरून रेष ओलांडून गेली होती.

"हे कुणाला माहीत नव्हतं," लाइल पुटपुटला. "मला आणि हर्शेलला सोडून कुणालाच. हे तुला रचता आलं नसतं." त्याने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "म्हणजे मी बरोबर मोजलं होतं."

"बरोबर मोजलं होतंस."

"शंभर."

"शंभर."

त्याने मान हलवली. दोन-तीनदा हलवली. आर्लीनने इतकी वर्षं जे जवळ बाळगलं होतं ते तिच्या तोंडून निघालं, आणि निघता निघताच तिला त्याची लाज वाटली. "बड त्याच गाडीत गेला ना, लाइल. सदुसष्ट साली. जळून. मी मनाला हेच सांगायचे, की तू वाचलास."

"मला विचारायचं होतंस," तो म्हणाला. "जळायचं की वेल्डिंग करायचं, ते."

मोठ्या ट्रॅककडे पहिलं इंजिन सुरू झालं होतं. पूर्वी असा आवाज आला की दोघंही बोलणं अर्धवट टाकून, कुणाची गाडी, कुठलं इंजिन, यावर पैज लावायची. आज लाइलने तिकडे मानही वळवली नाही.

"विल्मा," लाइल म्हणाला.

विल्मा म्हणजे त्याची बायको. अकरा वर्षांपूर्वी गेली. तिने जन्मात एकही शर्यत पाहिली नव्हती. काचा वर करून मैदानाबाहेर गाडीत विणत बसायची आणि लाइल जिवंत चालत आला की सुया पिशवीत टाकायची.

"त्या संध्याकाळी गाडीत बसल्यावर विल्माने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मी शंभर मोजल्या, पण चुकलं असेल. ती म्हणाली, तुला वाटतं ना शंभर, मग भांड जाऊन. मी म्हटलं, नाही, आर्लीनचा कागद आहे. मग ती कधी काही बोलली नाही. दुकानाची बिलं मात्र दोनदा तपासायची. मला वाटतं, तिला खरंच वाटायला लागलं होतं की याला मोजता येत नाही." तो श्वास घ्यायला थांबला. नळीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. "तिला सांगायला हवं होतंस गं. मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. तिला एकदा सांगायचं होतंस."

"मी आत्ता कर्टिसकडे परत जाते," आर्लीन रडत म्हणाली. "टोपीचं सांगते. दोघं मिळून सांगू. तू बरोबर असलास की त्यांना ऐकावंच लागेल. दगडावर तुझं नाव..."

"काय म्हणतील? म्हातारा आणि म्हातारी मिळून गोष्ट रचून आले. मर्ल वर्षभर पुरवेल ती." लाइलने दार उघडलं, सिलिंडर आत ठेवला, मग स्वतः हळूहळू आत बसला. पाय उचलून आत घ्यायलाही त्याला हाताचा आधार लागला. याच माणसाला तिने एका उडीत गाडीत उतरताना पाहिलं होतं. "राहू दे तो दगड. तिथे गोदामाचे ट्रकवाले येऊन सिगारेट ओढणार. त्यांना बड काय आणि लाइल काय."

"मग मी काय करू? सांग ना, काहीतरी सांग. तू म्हणशील ते करते."

त्याने सीटचा पट्टा ओढून लावला.

"पुढच्या गुरुवारी मर्ल मला चिडवेल," तो म्हणाला. "तू हसायचंस. नेहमी हसतेस तशी."

ही माफी होती की शिक्षा, ते आर्लीनला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. लाइलने गाडी सुरू केली, आरशात बघितलं आणि अगदी सावकाश, इंडिकेटर देऊन, रस्त्याला लागला.

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिला माहीत. शनिवारी तिने मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तिच्या तब्येतीची चौकशी केली आणि रविवारी दुपारी त्यांची बायको जेवणाचा डबा घेऊन दारात हजर. सोमवारी यादी कोरणाऱ्याकडे गेली.

गुरुवारी ती सातच्या आधीच जाऊन बसली. लाइल येणारच नाही असं तिला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तो येऊ नये अशीच तिची इच्छा होती. पण सात वाजून पाच मिनिटांनी दार उघडलं आणि सिलिंडरच्या चाकांचा आवाज आला. नळीमुळे चेहरा ओढल्यासारखा दिसत होता, पण दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

"आले बघा शंभर नंबरी!" मर्ल ओरडला. "पोरी, दोन अंडी! आणि मोज हं समोर!"

वेट्रेसने ताट आणून ठेवलं. लाइलने काटा उचलला, एका अंड्यावर टेकवला, मग दुसऱ्या अंड्यावर टेकवला.

"दोन आहेत," तो म्हणाला. "मला मोजता येतं, मर्ल."

मर्लने टेबलावर हात आपटला. कर्टिसच्या नाकातोंडात कॉफी गेली. शेजारच्या टेबलावरचे लोकही वळून हसायला लागले. त्या सगळ्या हशात लाइलने मान वर केली आणि समोर बसलेल्या आर्लीनकडे पाहिलं. तो वाट बघत होता.

आर्लीन हसली.